शिक्षण लंडनचं, परवाना स्कॉटलंडचा, एमडी ब्रुसेल्सची: डॉ. रखमाबाईंची गोष्ट

दवाखान्यात नंबर येईपर्यंत बसून राहायचं म्हणजे कंटाळाच. मोबाइलची बॅटरी संपली की तुमची नजर भिंतीकडे जाते, आणि भिंतीवर असतात डॉक्टरांची फ्रेम केलेली सर्टिफिकेटं. माझ्याकडे दोनच आहेत: एमबीबीएसची पदवी आणि महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचं नोंदणी प्रमाणपत्र. बहुतेक पेशंट पहिलं वाचतात, दुसऱ्याकडे बघतही नाहीत. खरं तर तुम्हाला तपासून औषध लिहून द्यायचा अधिकार मला मिळतो तो त्या दुसऱ्या कागदामुळे. पहिला कागद सांगतो की मी शिकलो. दुसरा सांगतो की मला प्रॅक्टिस करायची परवानगी आहे.

हा फरक मुद्दाम सांगायचं कारण म्हणजे हल्ली वारंवार येणारा एक प्रश्न. ज्यांचं बीपी-शुगर मी वर्षानुवर्षं बघतोय, असे लोक तपासणी झाली तरी खुर्चीवरून उठत नाहीत. मुलीला नीटमध्ये मार्क कमी पडलेत, कुणीतरी सुचवलंय की जॉर्जियाला पाठवा, किरगिझस्तानला पाठवा, आणि त्यांना माझ्याकडून एवढंच हवं असतं की तिकडची डिग्री इकडे चालते का. ‘चालते का’ हे दोन शब्द आहेत, पण उत्तर काही हो-नाही असं देता येत नाही. ते देताना मला हटकून आठवतात त्या डॉ. रखमाबाई. त्यांचा कोर्टातला खटला बहुतेकांना ऐकून माहीत असतो. काहींनी त्यांच्यावरचा सिनेमाही पाहिलेला असतो. पण डॉक्टर होण्यासाठी त्यांना किती देशांच्या परीक्षा द्याव्या लागल्या, ही बाजू सहसा कुणी सांगत नाही. आज ती सांगतो.

डॉक्टरांच्या घरातली मुलगी

रखमाबाईंचा जन्म २२ नोव्हेंबर १८६४ चा, मुंबईचा. वडील जनार्दन पांडुरंग त्या दोन वर्षांच्या असतानाच गेले. आई जयंतीबाई तेव्हा जेमतेम सतरा वर्षांच्या होत्या. सुतार समाजात विधवेला पुन्हा लग्न करता येत असे, आणि रखमाबाई आठ वर्षांच्या असताना जयंतीबाईंनी डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी लग्न केलं. त्याआधी त्यांनी पहिल्या नवऱ्याची मालमत्ता मुलीच्या नावावर करून दिली होती. ही मालमत्ता पुढे बऱ्याच भांडणांच्या मुळाशी होती.

सखाराम अर्जुन हे ग्रँट मेडिकल कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत. मुंबईच्या बाजारात मिळणाऱ्या औषधी वनस्पतींची यादी करून त्यांनी पुस्तक लिहिलं, आणि १८८३ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या संस्थापकांमध्येही ते होते. म्हणजे रखमाबाई वाढल्या त्या पुस्तकांच्या, औषधांच्या आणि पेशंटांच्या घरात. तरीही वयाच्या अकराव्या वर्षी त्यांचं लग्न झालं, एकोणीस वर्षांच्या दादाजी भिकाजींशी. शाळा थांबली. सुधारणेचा वारा लागलेल्या घरातही त्या काळी हे होत होतं. लग्नानंतर त्या सावत्र वडिलांकडेच राहिल्या आणि घरी बसून, मिशनच्या वाचनालयातून पुस्तकं आणून शिकत राहिल्या.

हे शिक्षण लक्षात ठेवा. त्याचा कागद काहीच नव्हता. कुठल्या शाळेचा दाखला नाही, कुठली परीक्षा नाही. पुढे याची किंमत मोजावी लागली.

खटला

१८८४ मध्ये दादाजींनी मुंबई हायकोर्टात दावा लावला: पत्नीने आपल्याकडे नांदायला यावं. रखमाबाईंनी ठाम नकार दिला. लग्न झालं तेव्हा आपलं वय समजण्याचं नव्हतं आणि या माणसाबरोबर आपण राहू शकत नाही, अशी त्यांची बाजू होती. सप्टेंबर १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्ही यांनी त्यांच्या बाजूने निकाल दिला. दादाजी अपिलात गेले, प्रकरण पुन्हा खाली आलं, आणि ४ मार्च १८८७ रोजी न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम दिला की नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. रखमाबाईंनी कळवलं की त्या तुरुंगात जातील.

या काळात त्यांना जे सोसावं लागलं त्यावर पुस्तकं आहेत, त्यामुळे मी तिथे थांबत नाही. टिळकांचा ‘केसरी’ त्यांच्या विरोधात होता. मलबारींसारखे सुधारक त्यांच्या बाजूने. एप्रिल १८८५ मध्ये सखाराम अर्जुनही वारले होते, त्यामुळे घरातला आधार खटला चालू असतानाच गेला.

पण या खटल्यातली एक गोष्ट आपल्या विषयाला अगदी चिकटून आहे. नांदायला पाठवण्याचा असा दावा हिंदू धर्मशास्त्रातला नव्हता, तो इंग्लंडच्या धर्मन्यायालयांतून आलेला. इंग्रजांनी तो सोबत आणला आणि इथे लागू केला. गंमत म्हणजे, ज्या १८८४ साली दादाजींनी दावा लावला, त्याच साली इंग्लंडने स्वतःच्या देशात असा हुकूम न पाळल्याबद्दलची कैद रद्द केली. इथे मात्र दिवाणी प्रक्रिया संहितेत ती तशीच राहिली. कायदा समुद्र ओलांडून आला, त्याला कुणी प्रवेशपरीक्षा विचारली नाही. शिकायला समुद्र ओलांडून गेलेल्या बाईला मात्र प्रत्येक दारात परीक्षा.

इंटरनेटवर बऱ्याच ठिकाणी तुम्ही वाचाल की राणी व्हिक्टोरियाने हे लग्न रद्द केलं. तसं झालेलं नाही. जुलै १८८८ मध्ये कोर्टाबाहेर तडजोड झाली: दादाजींनी २००० रुपये घेतले आणि हुकमाची अंमलबजावणी सोडून दिली. लग्न कायद्याच्या दृष्टीने मोडलं नाही. तुरुंग टळला एवढंच.

एडिथ पीची कोण होत्या

आता खऱ्या गोष्टीला सुरुवात होते. रखमाबाईंना डॉक्टर हो म्हणून ज्यांनी बळ दिलं, त्या कामा हॉस्पिटलच्या मुख्य डॉक्टर एडिथ पीची. या बाईंची स्वतःची पदवी कशी मिळाली हे कळल्याशिवाय रखमाबाईंची वाट का अशी वळणावळणाची होती ते कळणार नाही. म्हणून जरा मागे जाऊ.

१८५८ मध्ये ब्रिटनमध्ये मेडिकल ॲक्ट झाला. त्याआधी कोण डॉक्टर आणि कोण भोंदू हे पेशंटला कळायचा मार्ग नव्हता. कायद्याने डॉक्टरांचं एक रजिस्टर तयार झालं आणि ते सांभाळायला जनरल मेडिकल कौन्सिल आली. पेशंटच्या दृष्टीने फार चांगली गोष्ट. पण रजिस्टरमध्ये नाव येण्यासाठी ब्रिटनमधल्याच ठरावीक विद्यापीठांची किंवा कॉलेजांची परीक्षा लागे, आणि त्यातली एकही संस्था बायकांना सरळ दार उघडत नव्हती. परदेशी पदवी चालत नव्हती. म्हणजे नियम लिहिला होता पेशंटच्या सुरक्षिततेसाठी, आणि त्याच नियमाने सगळ्या बायका आपोआप बाहेर राहिल्या.

एलिझाबेथ गॅरेट यांनी अपोथेकरी, म्हणजे औषध बनवणाऱ्या-विकणाऱ्यांच्या संस्थेच्या नियमांतली फट शोधून १८६५ मध्ये परवाना मिळवला. लगेच त्या संस्थेने नियम बदलून फट बुजवली. गॅरेट पुढे पॅरिसला गेल्या, फ्रेंच शिकल्या, १८७० मध्ये तिथली एमडी घेतली. ब्रिटनच्या रजिस्टरने ती एमडी मोजली नाही. पॅरिससारख्या ठिकाणची पदवी, आणि मायदेशात तिला कागदाची किंमत.

पीची या त्यानंतरच्या. १८६९ मध्ये सोफिया जेक्स-ब्लेक यांच्याबरोबर त्या एडिनबरा विद्यापीठात शिरल्या. रसायनशास्त्रात पीचींना इतके गुण पडले की त्यांना मिळायची ती शिष्यवृत्ती केवळ त्या बाई आहेत म्हणून दुसऱ्याला दिली गेली. नोव्हेंबर १८७० मध्ये या मुली शरीरशास्त्राच्या परीक्षेला जात असताना दारात जमावाने दंगा केला. आणि १८७३ मध्ये कोर्टाने ठरवलं की विद्यापीठावर त्यांना पदवी देण्याचं बंधन नाही. चार वर्षं शिकून हातात काही नाही.

मग पीची स्वित्झर्लंडला, बर्नला गेल्या. जानेवारी १८७७ मध्ये तिथली एमडी मिळाली, परीक्षा जर्मनमध्ये. तरी ब्रिटनच्या रजिस्टरसाठी ती पुरेशी नव्हतीच. सुदैवाने १८७६ मध्ये कायदा होऊन संस्थांना बायकांची परीक्षा घेण्याची मुभा मिळाली होती (मुभा, सक्ती नव्हे), आणि सगळ्यात आधी डब्लिनचं फिजिशियन्स कॉलेज तयार झालं. मे १८७७ मध्ये पीचींनी तिथली परीक्षा दिली आणि नाव एकदाचं रजिस्टरमध्ये आलं. शिक्षण एडिनबराला, पदवी बर्नची, परवाना डब्लिनचा. १८८३ च्या अखेरीस त्या मुंबईला आल्या आणि पुढे कामा हॉस्पिटल त्यांनी उभं केलं.

तेव्हा पीचींनी रखमाबाईंना लंडनला जायला सांगितलं ते एखाद्या हितचिंतकाने सांगावं तसं नव्हतं. कुठल्या दारावर कुलूप आहे आणि कुठल्या खिडकीची कडी सैल आहे, हे त्यांना अनुभवाने माहीत होतं. बाहेरगावी शिकायला जाणाऱ्या मुलाला असं माहीतगार माणूस भेटणं किती मोलाचं असतं, ते आजही ज्यांनी पोरं पाठवलीत त्यांना विचारा.

लंडन: शाळा होती, पदवी नव्हती

१८८९ मध्ये रखमाबाई इंग्लंडला गेल्या. पैसे वर्गणीतून उभे राहिले. शिवाजीराव होळकरांनी ५०० रुपये दिल्याची नोंद आहे, आणि तिकडे मॅकलॅरन दांपत्यासारखी माणसं आधाराला होती. प्रवेश घेतला तो लंडन स्कूल ऑफ मेडिसिन फॉर विमेनमध्ये. एडिनबराहून हात हलवत परतलेल्या जेक्स-ब्लेक यांच्या पुढाकाराने ही संस्था १८७४ मध्ये निघाली होती आणि रखमाबाई तिथे शिकत असताना तिच्या डीन होत्या त्याच एलिझाबेथ गॅरेट अँडरसन, पॅरिसची एमडी रजिस्टरमध्ये न घेतली गेलेल्या.

मेडिकलचा विद्यार्थी म्हणून नाव लागण्याआधी ब्रिटनमध्ये सामान्य शिक्षणाची एक प्राथमिक परीक्षा पास व्हावी लागे. त्यात लॅटिनही असे. विचार करा: अकराव्या वर्षी शाळा सुटलेली, कोर्टकचेऱ्यांत चार वर्षं गेलेली, पंचविशीकडे आलेली बाई. घरी केलेलं वाचन कितीही असो, त्याची नोंद कुठे नव्हती. मघाशी म्हणालो ती किंमत हीच. आज आपण याला ब्रिज कोर्स किंवा इक्विव्हॅलन्स म्हणतो. नाव बदललं तरी माणसाच्या आयुष्यातलं एखाददोन वर्षं त्यात जातातच.

स्कूल वर्गात शिकवे आणि वॉर्डातलं शिक्षण रॉयल फ्री हॉस्पिटलमध्ये होई. हे हॉस्पिटल १८७७ मध्ये तयार झालं नसतं तर स्कूल बंदच पडलं असतं, कारण पेशंट न बघता डॉक्टर होता येत नाही. (आज परदेशी कॉलेज निवडताना पालक इमारतीचे फोटो बघतात, फी बघतात. हॉस्पिटलमध्ये पेशंट किती असतात आणि विद्यार्थ्याला त्यांच्याशी त्यांच्या भाषेत बोलता येतं का, हे विचारणारे मला फार थोडे भेटलेत.)

पण स्कूलला स्वतःची पदवी देण्याचा अधिकार नव्हता. शिक्षण तिथे, परीक्षा दुसरीकडे. लंडन विद्यापीठाने १८७८ पासून बायकांना पदव्या खुल्या केल्या होत्या, पण त्यासाठी त्यांची मॅट्रिक आणि पुढच्या सगळ्या पायऱ्या चढाव्या लागत. लंडनची फिजिशियन्स आणि सर्जन्स यांची जी संयुक्त परीक्षा मुलगे सर्रास देत, तिचं दार बायकांना विसाव्या शतकाचं पहिलं दशक सरत आल्यावर उघडलं. मग उरली उत्तरेची वाट.

स्कॉटलंडची तिहेरी परीक्षा

१८८४ पासून स्कॉटलंडमधल्या तीन संस्था एकत्र परीक्षा घेत होत्या: एडिनबराचं फिजिशियन्स कॉलेज, एडिनबराचं सर्जन्स कॉलेज आणि ग्लासगोची फिजिशियन्स-सर्जन्सची फॅकल्टी. औषधशास्त्र, शस्त्रक्रिया आणि प्रसूतिशास्त्र या तिन्हींत पास झालं की तिघांचा मिळून परवाना. १८८६ पासून ही परीक्षा बायकांना खुली झाली. ज्या एडिनबरात पीचींच्या अंगावर चिखल उडाला होता, त्याच गावातून सोळा वर्षांनी हे दार उघडलं. ते उघडणारं विद्यापीठ नव्हतं, कॉलेजं होती.

हीच परीक्षा बंगालच्या कादंबिनी गांगुली यांनीही १८९३ मध्ये दिली. त्या कलकत्ता मेडिकल कॉलेजातून आधीच शिकून बाहेर पडल्या होत्या, प्रॅक्टिस करत होत्या, मुलंबाळं होती. तरी केवळ कागद भक्कम हवा म्हणून त्या समुद्रापार गेल्या. रखमाबाईंना ‘भारतातल्या पहिल्या प्रॅक्टिस करणाऱ्या महिला डॉक्टर’ म्हणायची पद्धत आहे. कादंबिनींचं नाव घेतलं की ते टिकत नाही. आणि आपल्या आनंदीबाई जोशी त्याही आधी, मार्च १८८६ मध्ये, फिलाडेल्फियाला एमडी झाल्या. पण क्षयाने त्यांना वर्षभरही दिलं नाही. पहिलं कोण या वादात मला फारसा रस नाही. या तिघींना तीन वेगवेगळ्या देशांच्या दारांतून जावं लागलं, याचं मात्र राहून राहून नवल वाटतं.

रखमाबाई १८९४ मध्ये स्कॉटलंडचा परवाना घेऊन डॉक्टर झाल्या. कायद्याच्या दृष्टीने काम इथे संपलं होतं. ब्रिटिश रजिस्टरमध्ये नाव येण्याजोगी पात्रता मिळाली, पेशंट तपासायचा हक्क मिळाला. मग ब्रुसेल्स कशाला?

कारण परवाना म्हणजे पदवी नव्हे. तिन्ही संस्थांनी दिलं ते लायसन्स होतं. नावापुढे ‘एमडी’ लावायचं तर विद्यापीठ हवं. आणि त्या काळी ब्रुसेल्स विद्यापीठ अशा आधीच परवाना मिळवलेल्या परदेशी डॉक्टरांची परीक्षा घेऊन त्यांना एमडी देत असे. ब्रिटनमधले कितीतरी पुरुष डॉक्टरही हाच मार्ग धरत. रखमाबाईंनी १८९४ मध्येच ती परीक्षा दिली आणि एमडी झाल्या.

इथे नीट बघा, कारण आजचा गोंधळ नेमका इथेच होतो. ब्रुसेल्सची एमडी ऐकायला मोठी. पण पेशंट तपासायचा अधिकार रखमाबाईंना दिला तो स्कॉटलंडच्या साध्या वाटणाऱ्या लायसन्सने. एमडीने मान मिळाला, परवान्याने काम मिळालं. नुसती ब्रुसेल्सची पदवी घेऊन त्या ब्रिटिश रजिस्टरच्या दारात उभ्या राहिल्या असत्या तर गॅरेटबाईंचं जे झालं तेच झालं असतं.

आता तुमच्या मुलीचं

बाहेरच्या देशातून एमबीबीएस किंवा तत्सम पदवी घेतलेल्या मुलाला भारतात प्रॅक्टिस करायची असेल तर आज एफएमजीई ही स्क्रीनिंग परीक्षा पास व्हावी लागते. ती २००२ पासून आहे. ३०० गुणांची, पास व्हायला १५० लागतात. बहुतेक सत्रांत पास होणाऱ्यांपेक्षा नापास होणारे कितीतरी जास्त असतात, हे तुम्हाला एजंट सांगणार नाही. शिवाय नॅशनल मेडिकल कमिशनच्या २०२१ च्या नियमांप्रमाणे तिकडचा कोर्स किमान ५४ महिन्यांचा हवा, इंग्रजीतून हवा, १२ महिन्यांची इंटर्नशिप त्याच परदेशी संस्थेत हवी, आणि त्या देशातल्या नागरिकाला त्या पदवीवर जशी प्रॅक्टिस करता येते तशी तुमच्या मुलालाही तिथे करता आली पाहिजे. परत आल्यावर इथे आणखी १२ महिने इंटर्नशिप. जाण्याआधी नीट पास असणंही लागतं. यातली एक अट राहिली तर सहा वर्षं आणि घर गहाण ठेवून भरलेली फी अडकून पडते. असं अडकलेलं एक कुटुंब माझ्या दवाखान्यात येतं. वडिलांचं बीपी गोळ्यांनी आवरत नाही, आणि का आवरत नाही ते मला कळतं. त्यांच्या एजंटने इंटर्नशिपबद्दल सांगितलंच नव्हतं.

हे नियम मला जाचक वाटतात का? मुलांकडे बघून कधी कधी वाटतात. पेशंटच्या बाजूने बघितलं तर नाही. आणि उलट दिशेलाही हेच आहे: माझी एमबीबीएस घेऊन मी ब्रिटनला गेलो तर मला तिथली प्लॅब द्यावी लागेल, अमेरिकेत युएसएमएलई. नियम असण्याबद्दल माझी तक्रार नाही. तो जाण्याआधी माहीत नसतो, ही खरी अडचण.

सुरत

१८९४ च्या अखेरीस रखमाबाई परतल्या. थोडे दिवस कामा हॉस्पिटलमध्ये काढून त्या सुरतेच्या बायकांच्या हॉस्पिटलच्या प्रमुख म्हणून गेल्या आणि वीस वर्षांहून जास्त काळ तिथे राहिल्या.

मुंबई इलाख्यात तेव्हा डॉक्टरांचं रजिस्टर नव्हतं. तो कायदा १९१२ चा. म्हणजे १८९५ मध्ये कुणीही पाटी लावून डॉक्टर म्हणवून घेऊ शकत होतं, आणि घेत होतं. अशा ठिकाणी तीन परीक्षांचे कागद घेऊन आलेल्या बाईला सुरतेच्या बायकांनी कागद विचारलाच नाही. त्यांचा विश्वास बसत नव्हता तो हॉस्पिटलवर. बाळंतपण घरात, अंधाऱ्या खोलीत, सुईणीच्या हातून व्हायचं. हॉस्पिटलात जाणं म्हणजे मरायला जाणं. एक आठवण सांगितली जाते की रखमाबाईंनी एक गाभण शेळी हॉस्पिटलमध्ये आणवून तिथे तिची सुखरूप सुटका केली, म्हणजे बायकांना दिसावं की इथे आलेला जीव जगतो. एडिनबरा, ग्लासगो आणि ब्रुसेल्सच्या परीक्षकांनी मान्य केलेल्या डॉक्टरला शेवटी एका शेळीची शिफारस लागली!

हसू येतं, पण माझ्यासारख्या रोज ओपीडी करणाऱ्याला हे अगदी ओळखीचं आहे. कौन्सिलने दिलेली मान्यता एकदा मिळते. पेशंटने दिलेली रोज मिळवावी लागते.

बाळंतपणात तेव्हा इतक्या बायका का दगावत, हेही थोडक्यात सांगतो. रक्तस्राव, अडलेलं मूल आणि बाळंतरोग म्हणजे प्रसूतीनंतरचा जंतुसंसर्ग. अँटिबायोटिकं नव्हती, रक्त द्यायची सोय नव्हती. हातात होतं ते स्वच्छ हात, उकळलेली हत्यारं आणि वेळेवर केलेली मदत. रखमाबाईंनी लंडनला जे शिकलं त्यातलं सुरतेत सगळ्यात जास्त उपयोगी पडलं असेल ते हेच, असं मला वाटतं. त्यात पुरुष डॉक्टरने तपासायचं नाही हा पडदा होताच; म्हणून तर बाई डॉक्टरची एवढी गरज. या पडद्याविरुद्ध त्यांनी उतारवयात लिहिलंही.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि गुजरातकडे सरकला. सुरत सुटली नाही. आज प्लेगचा पेशंट वेळेत आला तर तो अँटिबायोटिकने बरा होतो. तेव्हा त्यावर औषधच नव्हतं. स्ट्रेप्टोमायसिन यायला अजून जवळपास पन्नास वर्षं होती.

१९०४ मध्ये दादाजी वारले. त्यांनी तडजोडीनंतर दुसरं लग्न केलेलं होतं. ज्या माणसाकडे जाण्यापेक्षा तुरुंग बरा म्हणून रखमाबाई अडून बसल्या होत्या, त्याच्या मृत्यूनंतर त्यांनी विधवेचं पांढरं लुगडं नेसायला घेतलं, असं त्यांच्या चरित्रात येतं. मी यावर बराच विचार केला आहे आणि मला त्याचा अर्थ लागलेला नाही. कायद्याने मोडलं गेलं नव्हतं ते लग्न त्यांनी असं संपवलं असेल, किंवा लोकांची तोंडं बंद करायची असतील. पेशंटच्या आयुष्यातल्या सगळ्या गोष्टींचं निदान होत नाही, तशीच ही एक.

सुरतेनंतर, १९१८ च्या सुमारास, त्यांना सरकारच्या पाठबळावर चालणाऱ्या विमेन्स मेडिकल सर्व्हिसमध्ये जागा देऊ केली गेली. ती नाकारून त्या राजकोटच्या संस्थानी जनाना हॉस्पिटलला गेल्या आणि दशकभर काम करून निवृत्त झाल्या. सगळी मिळून ३५ वर्षांच्या आसपास डॉक्टरकी.

त्या निवृत्त होऊन मुंबईला परतल्या त्याच सुमारास, १९३० मध्ये, ब्रिटनच्या जनरल मेडिकल कौन्सिलने भारतीय विद्यापीठांच्या वैद्यकीय पदव्यांची मान्यता काढून घेतली. इथल्या प्रसूतिशास्त्राच्या प्रशिक्षणावर त्यांचा आक्षेप होता. इकडे संताप झाला, आणि १९३३ मध्ये कायदा होऊन मेडिकल कौन्सिल ऑफ इंडिया आली. आपल्या देशातल्या डॉक्टरांची पारख आता आपली संस्था करणार होती. आयुष्यभर बाळंतपणं करण्यात गेलेल्या रखमाबाईंनी ती बातमी कशी वाचली असेल, कोण जाणे.

२५ सप्टेंबर १९५५ रोजी, वयाच्या ९० व्या वर्षी, फुप्फुसाच्या कॅन्सरने त्यांचं निधन झालं. पुढच्याच वर्षी, १९५६ मध्ये, इंडियन मेडिकल कौन्सिल ॲक्ट नव्याने झाला आणि भारताबाहेरच्या कुठल्या संस्थांच्या पदव्या इथे चालतील याची यादी त्याच्या दुसऱ्या परिशिष्टात छापली गेली. ती यादी अनेक वर्षं वाढत, कमी होत राहिली. आज तुमच्या मुलीसाठी बघायचे नियम नॅशनल मेडिकल कमिशनच्या वेबसाइटवर आहेत, आणि तुमच्या डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक त्यांच्या प्रिस्क्रिप्शनवर छापलेला असायला हवा. माझ्या दवाखान्यात तो दुसऱ्या फ्रेममध्येही आहे, पाण्याच्या कूलरच्या वर, डाव्या हाताला.